यादी मानाप्रमाणे

यंत्राला नातीगोती नसतात असं म्हणणाऱ्यांनी आमच्या संस्थेचा सर्व्हर पाहिलेला नाही. मी पाहिला आहे. गेली काही वर्षं मी त्याच्या शेजारीच बसतो. खोलीत एसी आहे तो त्याच्यासाठी आणि खुर्ची मोडकी आहे ती माझ्यासाठी, एवढ्यावरून आमच्या दोघांत मान कुणाला जास्त हे सुज्ञांना कळलंच असेल.

संस्था शिक्षण संस्था आहे, केज तालुक्यात आहे, आणि तिचं नाव मी सांगणार नाही. आमच्याकडे कुणाचंही नाव घेतलं की ते कुणाच्या आधी आणि कुणाच्या नंतर घेतलं याची चौकशी होते. शाळा, कनिष्ठ महाविद्यालयं, वसतिगृहं असा आमचा पसारा नांदूरघाटपासून कडा गावापर्यंत पसरलेला आहे. या पसाऱ्यात जो कोणी कॉम्प्युटरला हात लावतो त्याचं सर्व्हरवर एक खातं असतं. त्यात नाव, हुद्दा, शाखा, फोन वगैरे. ही सगळी खाती जिथे एकत्र नांदतात तिला डिरेक्टरी म्हणतात. वर्षातून एकदा तपासणी समिती येते तेव्हा या डिरेक्टरीतून सगळ्या कर्मचाऱ्यांची यादी काढून द्यावी लागते. ते काम एक स्क्रिप्ट करते. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरने काय काय करायचं हे त्याला एकदाच लिहून दिलेलं असतं, बाकी काही नाही. ही स्क्रिप्ट माझ्या आधी इथे असलेल्या पप्पूने लिहिली. पप्पू आता पुण्याला मोठ्या कंपनीत साहेब आहे, पण आमच्याकडे तो अजून पप्पूच आहे.

दरवर्षी मी सकाळी स्क्रिप्ट सुरू करायचो. पडद्यावर नावं पळू लागायची आणि संध्याकाळपर्यंत कधीतरी यादी तयार झालेली असायची. ती कशी होते, एवढा वेळ का घेते, या भानगडीत मी पडलो नाही. चालत्या गाडीला खीळ घालू नये असं आमचे वडील सांगायचे. त्यांची गाडी बैलाची होती, पण तत्त्व तेच.

या वर्षी मात्र सोमवारी सुरू केलेली स्क्रिप्ट मंगळवारी सकाळीही पळत होती. संस्थेचे अध्यक्ष विठ्ठलराव, ज्यांना सगळे दादा म्हणतात, ते खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. पडद्यावर नावं पळताना बघायला त्यांना मनापासून आवडतं. वरातीत फटाक्यांची माळ बघावी तसे ते बघत राहतात.

"चालू हाय न्हवं?"

"चालू आहे, दादा."

"बेस," म्हणाले आणि गेले.

त्यांच्या मागोमाग सचिव अमरसिंह आले. हे दादांचे जावई. त्यांनी पडद्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. "सर, गुरुवारी समिती येणार. यादी लागंल. न्हाई झाली तर काय न्हाई हो, कड्याच्या वसतिगृहाला कोठी सांभाळायला एक इमानदार माणूस पाहिजे, असं दादा म्हणत होते. मी तुमचंच नाव सुचवलं."

कड्याला जाऊन ज्वारीची पोती मोजायची. माझी पदवी, माझे सर्व्हरचे अभ्यासक्रम, फ्रेम करून लावलेलं प्रमाणपत्र, सगळं ज्वारीत. घरी येऊन बायकोला, उमाला, सांगितलं. ती इथल्या अंगणवाड्यांवर पर्यवेक्षिका आहे, तिची नोकरी उचलून कड्याला नेता येत नाही.

"मी न्हाई येणार," ती म्हणाली. "तुमी तिकडं वसतिगृहात जेवा. पोरांच्या पंगतीला." मग माझं तोंड बघून तिला दया आली असावी. "यादी होऊ द्या, मग कपिलधारला जाऊन येऊ." कपिलधारच्या स्वामींच्या समाधीवर तिची श्रद्धा आहे. माझीही आहे, पण संन्याशांना बदली नसते एवढाच माझा त्यातला विचार.

आमचे शेजारी मुंजाजी हे वीज मंडळातून निवृत्त झालेले लाइनमन. भिंतीपलीकडून त्यांना सगळं ऐकू येतं आणि ऐकू आलेल्या गोष्टीवर त्यांचं मत तयार असतं.

"सर, तुमच्या कालेजात सोलर बसवलंय न्हवं औंदा?"

बसवलं होतं. गच्चीभर पाट्या आणि खाली बॅटऱ्यांची खोली, उद्घाटनाला हार आणि पेढे. तेव्हापासून संस्थेतली लाईट गेलेली नव्हती.

"तिथंच घोळ हाय. सोलरचा करंट पातळ असतो. लाईटच्या डांबावरचा करंट कसा घट्ट असतो. पातळ करंटावर मशीन दम धरत न्हाई."

मी हसलो नाही. मुंजाजींच्या हातात आयुष्यभर जिवंत तारा होत्या, त्यांना हसू नये. पण ज्या माणसाने सर्व्हरचं प्रमाणपत्र फ्रेम केलं आहे त्याला पातळ करंट ऐकवावा हे मला लागलं. त्या तिरीमिरीत मी ठरवलं, ही स्क्रिप्ट आपण उघडून बघायची. आणि खरं सांगायचं तर नुसती तिरीमिरी नव्हती. मला ते कोडं कुरतडत होतं. तोच सर्व्हर, तीच स्क्रिप्ट, तेच लोक. गेल्या वर्षीपर्यंत संध्याकाळी व्हायचं ते यंदा दोन दिवसांत का होत नाही?

बुधवारी सकाळी स्क्रिप्ट उघडली आणि पप्पूबद्दलचा माझा आदर पहिल्या पानावरच ओसरला. पंगतीत एखादा नवशिका वाढपी असतो ना, एका पाहुण्याला मीठ वाढतो, परत मुदपाकखान्यात जातो, लिंबाची फोड आणतो, परत जातो, मग चटणी, तशी ती स्क्रिप्ट एकेका खात्यासाठी सर्व्हरकडे खेपा घालत होती. आधी नाव विचारायचं, परत जाऊन हुद्दा विचारायचा, परत जाऊन फोन. वर प्रत्येक खात्याची जन्मापासूनची सगळी माहिती मागवायची आणि त्यातल्या चारच ओळी घेऊन बाकीचं टाकून द्यायचं. मी बादली हातात दिली. एकाच खेपेत सगळ्यांचं हवं तेवढंच मागव, असं लिहिलं. सुरू केलं. दोन दिवस जे नावंच गोळा करतंय असं मला वाटत होतं ते चहाचा कप संपायच्या आत सगळी नावं घेऊन हजर.

मला इतका आनंद झाला की मी उठून एसीच्या समोर उभा राहिलो. मागे वळून बघतो तर स्क्रिप्ट संपलेली नव्हती.

नावं गोळा झाली होती, पण पुढे ती लावली जात होती. आणि पडद्यावर लाव-लावी चालली होती ती फक्त तिघांची. विठ्ठलराव, राधाकिशन, अमरसिंह. मग राधाकिशन, अमरसिंह, विठ्ठलराव. मग अमरसिंह, विठ्ठलराव, राधाकिशन. मग परत विठ्ठलराव. राधाकिशन सर हे आमचे प्राचार्य. बाकीची सगळी संस्था खाली गुपचूप आपापल्या जागी बसलेली आणि वर हे तिघं फुगडी घालताहेत. पुढे काय होतं या उत्सुकतेने मी बराच वेळ बघत बसलो. पुढे काहीच होत नव्हतं.

स्क्रिप्टचा शेवटचा भाग उघडला तर तो पप्पूने कसल्या तरी नियमांनी गच्च भरलेला. कुठे कंस, कुठे बाण. मला त्याचा अर्थ लागेना. पण माणसाच्या हातात एकदा कात्री आली की अर्थाची वाट कोण बघतो? मी तो भाग अख्खा काढून टाकला आणि तिथे सरळ इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावायची एक ओळ घातली. स्क्रिप्ट चालवली. खुर्चीची पाठ जागेवर बसवून टेकतोय तोवर यादी तयार.

मी यादी छापून सचिवांच्या टेबलावर ठेवली. अमरसिंहांनी घड्याळाकडे बघितलं. "आत्ता चालू केली आन आत्ता झाली?"

"हो. सुधारणा केली स्क्रिप्टमध्ये."

"मग दोन दिवस तुमी काय करत होतात?"

सुधारणेचं हे एक असतं. जे काम दिवसभर चालतं ते मोठं काम, त्याला चार लोक दारात येऊन बघून जातात. चुटकीसरशी झालं की लोकांना वाटतं काहीतरी राहिलं असणार. त्यांनी यादी उघडली, आणि राहिलं नव्हतं तरी त्यांना काहीतरी दिसलं. ते उठून सरळ दादांच्या दालनात गेले आणि थोड्या वेळाने मला बोलावणं आलं.

टेबलावर यादी पसरलेली होती. सगळ्यात वर पहिलं नाव आप्पारावांचं. आप्पाराव आमचे गेटवरचे वॉचमन. इंग्रजीत ते आपलं नाव दोन ए लावून लिहितात, त्यामुळे अक्षरांच्या हिशेबात त्यांच्या वर कोणी जाऊच शकत नाही. आणि अध्यक्ष विठ्ठलराव सगळ्यात शेवटच्या पानावर, तळाशी. त्यांच्या खाली फक्त योगीराज, कॅन्टीनवाला.

"हे कावून असं झालं?" दादांनी शांतपणे विचारलं. दादा शांतपणे विचारतात तेव्हा खोलीतला पंखासुद्धा हळू फिरतो.

"दादा, ही अक्षरांप्रमाणे आहे. जगभर अशीच लावतात."

"जगातल्या लोकास्नी सोयरेधायरे न्हाईत काय? सर, पोराच्या लग्नाची पत्रिका छापताना तुमी अक्षराप्रमाणं छापली व्हती काय?"

मला मूल नाही. पण ते सांगायची ती वेळ नव्हती. आमच्या भागात लग्नपत्रिकेवर दीड-दोनशे नावं असतात आणि प्रत्येक नाव कुणाच्या वर, कुणाच्या खाली, यावरून पुढच्या तीन पिढ्या बोलतात. मला तेव्हा प्रथमच पप्पूच्या त्या गच्च भरलेल्या नियमांचा वास आला. मी बाहेर आलो आणि पुण्याला फोन लावला.

"पप्पू, ती यादी लावायचा शेवटचा भाग कसला रे?"

"मान हाय ते, सर," पप्पू म्हणाला. पुण्याला जाऊनही त्याची बोली शाबूत होती. "मी पैल्यांदा अक्षराप्रमाणंच केलती. दादांनी असं झापलं की पुन्हा नाव काढलं न्हाई. मग बसून सगळे नियम लिहिले. नेमणारा वर, नेमलेला खाली. गुरू वर, चेला खाली. जावई वर, सासरा खाली. परत्येक खातं परत्येकाशी लावून बघायचं, आन जागा बदलली की पैल्यापास्नं."

मी कागदावर मांडलं. दादांनी राधाकिशन सरांना नेमलं, म्हणून दादा सरांच्या वर. राधाकिशन सरांनी अमरसिंहांना शाळेत शिकवलं, म्हणून सर अमरसिंहांच्या वर. अमरसिंह दादांचे जावई, म्हणून अमरसिंह दादांच्या वर. आणि दादा पुन्हा सरांच्या वर. एकेक नियम बघितला तर बिनतोड. तिन्ही मिळून घाण्याचा बैल.

"पप्पू, अरे हे संपणारच नाही कधी."

"न्हाईच संपत."

"मग दरवर्षी यादी कशी व्हायची?"

"लाईट जायची ना, सर. परत्येक फेरीला यादी लिहून ठेवायची सोय केलती मी. लाईट गेली की जी शेवटची फेरी, ती यादी. तुमाला सांगायचं राह्यलं व्हय?"

मी फोन ठेवला. इतकी वर्षं जिला मी कॉम्प्युटरने तयार केलेली यादी समजत होतो, ती भारनियमनाने तयार केलेली होती. कुणाचं नाव कुणाच्या वर याचा निवाडा दरवर्षी डांबावरचा खटका करत होता, आणि सोलर आल्यापासून निवाडा करणारं कोणी उरलं नव्हतं. मला पप्पूचा राग यायला हवा होता. आला नाही. उलट असं काही शोधून काढल्याचा इतका आनंद झाला की कड्याची कोठी क्षणभर विसरलो.

आठवली लगेच. उद्या गुरुवार.

तिघांपैकी एकाने एक पायरी उतरायची तयारी दाखवली असती तर प्रश्न मिटत होता. आधी प्राचार्यांकडे गेलो. राधाकिशन सर अतिशय साधे गृहस्थ आहेत.

"मला कसली आली हाव," ते म्हणाले. "दादांच्या खाली माझं नाव असावं हे योग्यच हाय. फक्त अमरसिंहला मी नववीत अंगठे धरून उभा केलेला हाय. त्याच्या खाली माझं नाव आलं तर त्यालाच वाईट वाटंल. त्याच्या मनाचा इचार करा."

अमरसिंहांना त्यांच्या मनाचा विचार सांगितला. "सर माझे गुरू हायेत, त्यांच्या खाली मी सुखानं राहीन," ते म्हणाले. "पण दादांनी मांडवात माझे पाय धुतलेत. आता त्यांच्या खाली माझं नाव छापलं तर आमच्या भावकीत दादांनाच नावं ठेवतील. मला त्यांची काळजी."

दादा तर सगळ्यांहून उदार. "जावयाच्या खाली मी राहतो की, रीतच हाय ती. पण मास्तरला मी नेमलाय. मास्तरला माझ्या वर नेऊन बसवलं तर मास्तर लाजंल."

तिघंही नम्र होते. तिघंही दुसऱ्याच्याच मनाची काळजी करत होते. गर्विष्ठ माणसाशी वाद तरी घालता येतो, नम्र माणसापुढे काय करणार?

कॅन्टीनमध्ये डोकं धरून बसलो तर योगीराजाने उपाय सुचवला. तो स्वतः यादीत शेवटचा असूनही त्याला त्याचं काही नव्हतं, उलट दादांच्या लगेच खाली नाव आल्याने तो खुशीत होता. "लग्नपत्रिकेत व्याही-व्याही आडव्या ओळीत छापतात, सर. तिघांस्नी एका ओळीत घ्या. वर-खाली मिटलं." मला तो उपाय फार आवडला. तिन्ही नावं शेजारी-शेजारी घेतली आणि नमुना तिघांपुढे ठेवला. राधाकिशन सर म्हणाले, डावीकडचं आधी वाचतात. अमरसिंह म्हणाले, फोटोत मानाचा माणूस मध्ये असतो. दादा म्हणाले, उजवा हात देवाचा. म्हणजे फुगडी होती तीच, फक्त आडवी झाली.

शेवटी मी मुंजाजींकडे गेलो. सर्व्हरचा प्लग मीच उपटला असता तर निवाडा माझ्या हातचा ठरला असता, लाईट गेली तर त्यात कुणाचाच हात नाही. पातळ करंटाला मनातल्या मनात नावं ठेवलेल्या माणसाने हात जोडून दारात उभं राहावं, यापेक्षा मोठी शिक्षा नाही. "मुंजाजी, संस्थेतली लाईट घालवायची आहे. थोडा वेळ. कुणाला कळता कामा नये."

मुंजाजींच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर प्रथमच तेज आलं. ते आले, डांबावरचा खटका पाडला. काही झालं नाही. बॅटऱ्यांच्या खोलीला कुलूप, किल्ली दादांकडे. मग ते गच्चीवर चढले, पाट्यांकडे बघत बराच वेळ उभे राहिले आणि खाली आले.

"न्हाई जमत, सर. डांबाला खटका असतो. सूर्याला कुठनं आणायचा?"

त्यांचा तो पडलेला चेहरा बघून मला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी डोक्यात आलं की खटका सूर्याला कशाला, स्क्रिप्टलाच बसवू या. पप्पूचे सगळे मानाचे नियम मी जसेच्या तसे परत घातले. माझी बादलीची सुधारणा ठेवली. आणि शेवटी एक ओळ वाढवली. काही फेऱ्या झाल्या की थांब. किती फेऱ्या, ते यंत्राने मनाला येईल तसं ठरवावं, मलाही सांगू नये. त्या ओळीला मी नाव दिलं 'लाईट गेली'.

गुरुवारी सकाळी तिघांनाही खोलीत बोलावलं. त्यांच्यासमोर स्क्रिप्ट चालवली. नावं गरगरली. विठ्ठलराव वर, राधाकिशन वर, अमरसिंह वर, पुन्हा विठ्ठलराव. तिघंही मान वर-खाली करत बघत होते. अंतरपाट धरल्यावर असते तशी शांतता होती. आणि मग यंत्र थांबलं. विठ्ठलराव पहिले, राधाकिशन सर दुसरे, अमरसिंह तिसरे.

"कुणी लावलं हे?" दादांनी विचारलं.

"यंत्रानं, दादा. माझा हात नाही."

"मंग ठीक हाय. यंत्राफुडं काय बोलणार." प्राचार्यांनीही मान हलवली.  यंत्राकडे एकदा आणि माझ्याकडे दोनदा बघून अमरसिंह बाहेर गेले.

तेवढ्यात समितीचा फोन आला की आम्ही निघालो आहोत, आणि यादीत नुसती सगळी खाती नकोत, खरोखर वापरात असलेलीच हवीत. मागच्या एका संस्थेने वारलेल्या शिक्षकांचीही नावं दिली होती. आमच्यातही असे काही होते. मी घाईघाईने अट घातली की वर्षभरात ज्या खात्यातून एकदाही लॉगिन झालेलं नाही ते वगळ. वरचे तिघं जागच्या जागी ठेवून स्क्रिप्टने बाकीची झाडलोट क्षणात केली. समितीच्या प्रमुखांनी पानं चाळली, अशी टापटीप यादी आपण जिल्ह्यात बघितली नाही म्हणाले, प्रत्येक पानावर शिक्का मारला, शिरा खाल्ला आणि गेले.

मी घरी जाऊन उमाला सांगितलं की कड्याचं संकट टळलं. तिने देवापुढे दिवा लावला. तो जरा लवकर लावला.

सोमवारी अमरसिंह आस्थापना विभागाच्या आरोही मॅडमना घेऊन खोलीत आले. "सर, यादी येळेत झाली, तुमचं अभिनंदन. पर कड्याची कोठी तशीच पडलीय. इमानदार माणूस पाहिजेच." तिसऱ्या क्रमांकाचा राग त्यांनी यंत्रावर काढला नाही. यंत्राला कड्याला धाडता येत नाही. "मॅडम, सरांचा बदलीचा आदेश करा."

आरोही मॅडमनी हातातल्या यादीची पानं उलटली. मग पुन्हा पहिल्यापासून उलटली. "सायेब, सरांचं नाव यादीत न्हाई."

"असं कसं? संगणक विभाग प्रमुख बघा."

"बघितलं. ते पद रिकामं हाय."

मी त्यांच्या हातातून यादी घेतली. आप्पाराव होते, कारण ते गेटवरची नोंद करायला रोज लॉगिन करतात. योगीराज होता. दादा होते, त्यांचं खातं त्यांचे लेखनिक उघडतात. मी नव्हतो. मी रोज सर्व्हरवर बसतो, पण बसतो तो यंत्राच्या मुख्य खात्यातून. मल्लिनाथ या माझ्या स्वतःच्या नावाने मी शेवटचा कधी आत शिरलो, ते मलाच आठवेना. वारलेल्या शिक्षकांबरोबर मी मलाही झाडून टाकलं होतं.

मला वाईट वाटलं, हे कबूल करतो. अख्ख्या संस्थेचा मान मी जागेवर लावला आणि माझ्या मानाला त्यात जागाच नव्हती.

"पेनानं लिहा नाव," अमरसिंह म्हणाले.

"समितीचा शिक्का बसलाय, सायेब," आरोही मॅडम म्हणाल्या. त्या नियमाच्या बाहेर पाऊल टाकत नाहीत. "आता ह्यांची बदली दाखवली तर समिती इचारंल, पद रिकामं व्हतं तर हा माणूस कोण, कुठून उठवला? मंग अख्खी यादीच खोटी ठरंल. मान्यता जाईल. पगाराचं रजिस्टर वेगळं, त्यात सर हायेत. पर बदली व्हायची तर आधी यादीत यावं लागंल. म्होरल्या वर्षी लॉगिन केलं तर येतील."

अमरसिंह बराच वेळ माझ्याकडे बघत उभे होते. डोळ्यांना दिसणारा माणूस नाही, हे पटवून घ्यायला कुणालाही वेळ लागतो. मग ते निघून गेले.

आता मी सुखात आहे. यंत्राच्या खात्यातून काम करतो, स्क्रिप्ट झकास चालते, आणि माझ्या नावाला मी स्पर्श करत नाही. फक्त एक गोष्ट आहे. काम नसलं की मी ते नाव-पासवर्डचं पान उघडून बसतो. पप्पूच्या नियमांत मी कुठे बसतो? मला दादांनी नेमलं, राधाकिशन सरांनी मला एकदा स्टाफरूममध्ये 'गुरुजी' म्हटलं होतं, आणि अमरसिंहांना ईमेल उघडायला मीच शिकवलं. नियमाने बघितलं तर दोघांच्या तरी वर. मल्लिनाथ टाइप करायचं आणि एक बटण दाबायचं, की यंत्र सांगेल.

काल राहवेना म्हणून उमाला विचारलं, "कितवा आलो असतो गं मी?"

ती भाकरी थापत होती. तिने वर बघितलंसुद्धा नाही.

"कड्याला ज्वारी मोजून सांगा," म्हणाली.